हेअरपिनच्या पोटात शब्द: म्यूझस्कोअर ४ मध्ये तो खाली का पळतो?

प्रश्न असा: व्हायोलिनच्या ओळीखाली क्रेशेन्डोची (आवाज हळूहळू वाढवण्याची) हेअरपिन, म्हणजे एका टोकाला उघडणारी दोन रेघांची खूण आहे, तिच्या पोटात ‘पोको’ (थोडेसे) हा शब्द हवा. म्यूझस्कोअर, म्हणजे स्वरलिपी लिहायचे सॉफ्टवेअर, शब्द खाली ढकलतो. ओढून वर नेला तर रेघा अक्षरांतून जातात.

ढकलतो तो ऑटोमॅटिक प्लेसमेंटमुळे, म्हणजे खुणा एकमेकींवर येऊ नयेत म्हणून त्या आपोआप सरकवणाऱ्या सोयीमुळे. शब्दावर क्लिक करून प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये (एफ ८) ‘अपिअरन्स’ उघडा आणि तेवढ्या शब्दापुरते ते बंद करा. पण घाई नको. बंद केलेली खूण बाकीच्या खुणांना दिसतच नाही, म्हणून आजवर तिला टाळून बसलेल्या खुणा परत तिच्या जागेवर सरकतात. आधी बाकी सगळे जागच्या जागी बसवा, हे सर्वांत शेवटी. हेअरपिनचे ऑटोप्लेसमेंट मात्र चालूच ठेवा.

आता मापाचा घोळ. ठरलेल्या मांडणीत हेअरपिनचे तोंड साधारण १.१५ स्पेस (एक स्पेस म्हणजे स्टाफच्या, अर्थात सुरांच्या पाच रेघांपैकी, शेजारच्या दोन रेघांमधले अंतर), म्हणजे २ मिमी उघडते. १० पॉइंटचा टाइप साडेतीन मिमीचा. तो त्यात मावणार कसा? ‘पोको’च्या रोमन स्पेलिंगमधल्या पहिल्या अक्षराची शेपटी तर खालची रेघ कापणारच. म्हणून एक तर त्या हेअरपिनची उंची २ स्पेस करा आणि शब्द उघड्या तोंडाकडे सरकवा, नाहीतर शब्दामागे पांढरा कागद लावा.

कागद असा लावायचा: शब्दाची फ्रेम आयताकृती, जाडी ०, मार्जिन ०.२, भरण्याचा रंग पांढरा. रंगाची अपारदर्शकता पूर्ण हवी. ती शून्य राहिली तर रंग लावूनही रेघ दिसत राहते, आणि लोक इथेच अडकतात. रेघ तरीही वरून गेली तर ‘अपिअरन्स’मधल्या अरेंजच्या बटणांनी शब्द पुढे आणा. हा कागद स्टाफच्या रेघांवर चढू देऊ नका, त्याही पुसल्या जातील.

शब्द ओढला तरी तो मूळ सुरालाच बांधलेला राहू शकतो. दोन मात्रा पलीकडे हवा असेल तर तो खोडून योग्य सुरावर नव्याने लिहा, नाहीतर ओळ तुटली की भलतीकडे उगवेल. पार्ट (एकेका वाद्याची स्वतंत्र प्रत) वेगळा उघडून तपासा; तिथले अंतर वेगळे असते.

‘पियानो’च्या (हळू आवाजाच्या) खुणेशेजारी ‘डोल्चे’ (गोडव्याने) हवे असेल तर यातले काहीच नको. नव्या आवृत्त्यांत एक्स्प्रेशन टेक्स्ट (कंट्रोल+ई) वापरा, ते डायनॅमिकला, म्हणजे आवाजाच्या त्या खुणेला, आपोआप चिकटते.