गेलेले पैसे काढण्याच्या नादात

प्रश्न : ऑनलाइन स्लॉट गेमवर ‘96 टक्के परतावा’ असं लिहिलेलं असतं. मी थोडेच पैसे घेऊन बसतो, तरी सगळे जातात. असं का? आणि मर्यादा नेमकी कशी पाळायची?

उत्तर : तो आकडा तुम्ही भरलेल्या रकमेचा नसतो, लावलेल्या प्रत्येक डावाचा असतो, तोही लाखो डावांच्या सरासरीचा. एका डावाला 1 लावून मिनिटाला 10 डाव खेळलात, तर तासाभरात 600 लावून होतात. त्यातले 4 टक्के, म्हणजे सरासरी 24 गेले. जिंकलेले पैसेही आपण पुन्हा तिथेच लावतो, म्हणून सोबत आणलेले 100 साधारण चार तासांत संपतात. डाव दुप्पट करत जाण्याच्या युक्तीने ही तूट भरत नाही. सलग दहा डाव हरलात, तर अकराव्याला पहिल्या डावाच्या 1024 पट लावावे लागतात.

मर्यादा खेळायला बसण्याआधीच ठरवा आणि ती खात्याच्या सेटिंगमध्ये घालून टाका : पैसे भरण्याची वेगळी, वेळेची वेगळी. साइटवर सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. जिंकलेली रक्कम लगेच बँकेत वळवा. उसने पैसे घेऊन, दारू पिऊन किंवा भांडण झाल्यावर खेळू नका. ‘गेलेले तेवढे काढतो आणि उठतो’ असं मनात आलं, की त्याच क्षणी उठा. मर्यादा वारंवार मोडत असेल, तर प्रश्न मर्यादेचा राहिलेला नाही. खेळ पूर्ण बंद करून मदत घ्या.

प्रश्न : माझ्या मिस्टरांनी सामन्यांवर पैजा लावून बरंच कर्ज केलंय. ‘एवढं एकदा फेड, पुन्हा हात लावणार नाही’ म्हणतात. दागिने मोडून फेडू का?

उत्तर : दागिने मोडू नका, आणि त्यांच्या हातात रोख रक्कम तर अजिबात देऊ नका. त्यांची शपथ खोटीच असेल असं नाही. पण कर्ज एकदम फिटलं की दडपण जातं, नवं कर्ज मिळू लागतं आणि खेळ पुन्हा सुरू होतो. असं फार घरांत घडतं.

आधी कागदावर यादी करा : कोणाचे, किती, व्याज काय, हप्ता कधी. पहिल्या यादीत लाजेपोटी काहीतरी दडवलेलं असतंच, म्हणून बँकेची स्टेटमेंटं, कर्जाच्या ॲपचे मेसेज आणि क्रेडिट रिपोर्ट दोघांनी मिळून पाहा. घरभाडं, वीज, किराणा, फी यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्यातून हप्ते पाडून घेण्याबद्दल देणेकऱ्यांशी थेट बोला. जामीन म्हणून सही करू नका. तुमचं खातं वेगळं करा, पिन बदला. पगाराचा व्यवहार काही काळ त्यांच्या संमतीने तुमच्याकडे असू द्या.

मग वाटा बंद करा. ज्या साइटवर खातं आहे, त्या प्रत्येक साइटवर स्वतःला बाद करून घेण्याची सोय असेल तर वापरा. एक उघडी राहिली तरी पुरते. फोन-लॅपटॉपवर जुगाराच्या साइट अडवणारं गॅमबॅन किंवा बेटब्लॉकर ॲप टाका, यातलं दुसरं मोफत आहे. टिप्सच्या ग्रुपमधून बाहेर पडायला सांगा. रोज रात्री ‘आज किती घालवलेस?’ असं विचारलंत, तर खोटं बोलणं वाढेल. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, स्टेटमेंट सोबत बसून पाहा.

जुगाराचं व्यसन हा आजार आहे. मानसोपचाराच्या ‘डीएसएम-5’ या निदानाच्या पुस्तिकेने 2013 मध्ये त्याला दारू आणि ड्रग्जसोबत व्यसनांच्या प्रकरणात घेतलं, बारा महिन्यांत नऊपैकी किमान चार लक्षणं दिसली तर निदान होतं. विचार-वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, चांगला उपयोगी पडतो; काही जणांना डॉक्टर नालट्रेक्सोन हे औषधही देतात. जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या ‘गॅम्बलर्स ॲनॉनिमस’ या गटाच्या सभा 1957 पासून चालतात, आणि कुटुंबीयांसाठी ‘गॅम-ॲनॉन’ आहे. घसरण झाली तर त्याच दिवशी सांगायचं असं आधीच ठरवा. मग कोणती वाट उघडी राहिली होती ते शोधता येतं.

एक गोष्ट मात्र थेट विचाराच : ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि जादा औषधं हलवा आणि तातडीने रुग्णालयात न्या.

प्रश्न : वडिलांना पार्किन्सन्स आहे. आयुष्यात कधी पत्ते न खेळलेला माणूस औषध बदलल्यापासून लॉटरीची तिकिटं गठ्ठ्याने घेतोय.

उत्तर : औषधाचं नाव पाहा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या औषधांनी काही रुग्णांना जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते. डॉक्टरांना आजच कळवा. मात्र गोळी मनानेच एकदम बंद करू नका, त्याने वेगळाच त्रास उद्भवतो. मात्रा कमी केली किंवा औषध बदललं, की बहुतेकांची ही ओढ उतरते. तोवर पैशांचा व्यवहार तुम्ही सांभाळा, आणि हा दोष त्यांच्या स्वभावाचा नसून औषधाचा असू शकतो, हे त्यांना समजावून सांगा.