गावात राहून कपड्यांच्या ब्रँडसाठी प्रेस नोट लिहायला कसं शिकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, पत्रकारितेचं दुसरं वर्ष, पुण्याच्या एका कपड्यांच्या ब्रँडकडे इंटर्नशिप, आणि त्यांनी दिवाळीच्या कुर्त्यांवर प्रेस नोट लिहून मागितली आहे. "गावात धड शोरूम नाही, फॅशनमधलं मला काय कळणार?" असं तुम्ही विचारता. मसुद्याचं पहिलं वाक्य सोबत दिलंत हे बरं केलंत, त्यामुळे हवेत बोलावं लागणार नाही. ते वाक्य असं:

"परंपरा आणि आधुनिकतेचा सुरेख संगम साधणारं, विदर्भाच्या मातीचा सुगंध ल्यालेलं अनोखं फेस्टिव्ह कलेक्शन फॅशनप्रेमींच्या भेटीला येत आहे."

मी भंडारा जिल्ह्यात आठ वर्षं तालुका वार्ताहर होतो. आता मोहाडी तालुक्यात घरी बसूनच तीन लहान ब्रँडच्या नोटा लिहितो. पूर्वी त्या माझ्याकडे यायच्या, आता माझ्याकडून जातात. तर वार्ताहर म्हणून पहिली शंका: या वाक्यात कुर्ता कुठे आहे? पडदे असते, चादरी असत्या, चपला असत्या तरी हेच वाक्य चाललं असतं. 'येत आहे', पण कधी? कुठे? केवढ्याला? डेस्कवरचा उपसंपादक संध्याकाळी पान लावायच्या घाईत असतो. अशा नोटा त्याच्यापुढे ढिगानं पडलेल्या असतात. पहिल्या दोन ओळींत त्याच्या हाती काही लागलं नाही तर तो तिसरी वाचत नाही. त्यात त्याचा दोष नाही, मीही वाचत नव्हतो.

आणि वाचली, घ्यायचंही ठरवलं, तरी ऐनवेळी जाहिरात आली की बातमी खालून कापली जाते. शेवटचा परिच्छेद गेला, मग त्याच्या वरचा. म्हणून महत्त्वाचं ते सगळं वर. कॉलेजात तुम्हाला उलटा पिरॅमिड शिकवला असेल, तो या कात्रीसाठीच आहे.

पण तुमची खरी अडचण लिहिण्यात नाही, विचारण्यात आहे. तुमच्याकडे माहितीच नाही म्हणून 'अनोखं' आणि 'सुरेख' लिहावं लागलं. विशेषणांनी भोक बुजवायची खोड सगळ्यांनाच लागते. मला ती कशी सुटली ते सांगतो.

मी लिहिलेली पहिलीच नोट साड्यांवर होती. ब्रँडनं कॅटलॉग पाठवला, त्यात लिहिलं होतं 'शुद्ध कोसा, पारंपरिक करवतकाठी'. कोसा म्हणजे टसर रेशीम. मी तेच उचललं, वर दोन चांगली वाक्यं चढवली आणि पाठवून दिलं. दोन पेपरांत छापून आलं. मालक खूश, मी खूश. तिसऱ्या दिवशी आंधळगावच्या एका विणकरांचा फोन आला. बातमीदारीच्या दिवसांपासूनची ओळख. म्हणाले, "का गा, पेपरात का लिवलास? तो काठ विनला नाही, छापला आहे."

फोटोवरूनच त्यांना कळलं होतं. करवतकाठी म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा काठ. साडीचं अंग कोशाचं, काठ बहुधा सुताचा, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे ते दाते. त्यासाठी मागावर तीन धोटे (आडवा धागा नेणारी साधनं) चालतात: एक अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. अंगाचा आडवा धागा आणि काठाचा आडवा धागा एकमेकांत अडकवत पुढे जायचं. हे काम दमानंच होतं. छापील काठ ओळखायची त्यांनी सांगितलेली खूण सोपी होती, पदर उलटा करून पाहायचा. छपाई मागच्या बाजूनं फिकी दिसते. आणि ज्या साड्यांना मी 'शुद्ध कोसा' म्हटलं, त्यांचा ताणा, म्हणजे उभा धागा, कोशाचा नव्हताच.

ब्रँडच्या मालकानं मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. त्याला व्यापाऱ्यानं सांगितलं, त्यानं कॅटलॉगात घातलं, मी पेपरात घातलं. तिघांपैकी एकानंही साडी उलटी करून पाहिली नाही. त्यात माझी लाज जास्त, कारण माग माझ्या घरापासून सायकलनं जाण्यासारख्या अंतरावर होता. शिवाय करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मालालाच लावता येतं. ते नाव कुठल्याही छापील काठावर चिकटवणं म्हणजे नुसती चूक नाही, विणणाऱ्याच्या ताटातला घास काढणं आहे.

तेव्हापासून नोट लिहायच्या आधी मी कापड मागवतो. पूर्ण साडी नाही मिळाली तर वीतभर तुकडा. ताणा कशाचा, बाणा (आडवा धागा) कशाचा, माग हाताचा की विजेचा, रंग कोणता, शिवलं कुठे, हे विचारतो आणि उत्तर मेलवर मागतो. फोनवर सगळे 'हो हो' म्हणतात. 'हँडलूम' म्हणाले की हँडलूम मार्क (माल हातमागाचा असल्याची खूण) आहे का विचारतो, 'सिल्क' म्हणाले की सिल्क मार्क (शुद्ध रेशमाची खूण). नसला म्हणजे माल खोटाच असं नाही, पण मग तो शब्द लिहिताना हात आखडता घ्यायचा.

आता तुमचा 'विदर्भाच्या मातीचा सुगंध'. कुर्ते सुती आहेत ना? मग तो कापूस विदर्भातला आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही यवतमाळच्या, जिनिंगसमोरच्या गाड्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. एक क्विंटल कापसातून रुई (सरकी काढलेला कापूस) निघते साधारण ३३-३४ किलो, बाकी बहुतेक सरकी. रुई दाबून केलेली गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला पाचेक क्विंटल कापूस लागतो, आणि ढिगात कितीतरी गावांच्या गाड्या एकावर एक रिकाम्या झालेल्या असतात. ती गाठ पुढे कुठल्या सूतगिरणीत गेली, सुताचं कापड कुठे झालं, हे कागदावर कोणी सांभाळलं असेल तरच 'विदर्भाचा कापूस' म्हणता येईल. नाहीतर तो सुगंध तुमच्या वाक्यात आहे, कुर्त्यात नाही.

'ऑरगॅनिक' शब्दाचंही तसंच. आपल्याकडे २००२ मध्ये बीटी, म्हणजे जनुकबदल केलेल्या कपाशीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत तिनं जवळपास सगळं शिवार व्यापलं. बीटी कापूस सेंद्रिय प्रमाणपत्रात बसत नाही. तेव्हा ब्रँडच्या माणसानं 'टाका ना ऑरगॅनिक, छान वाटतं' म्हटलं की प्रमाणपत्र मागा. 'पर्यावरणपूरक', 'केमिकल-फ्री' यांनाही तोच नियम लावा. जाहिरातींतल्या अशा दाव्यांना पुरावा हवा, असे नियम २०२४ मध्ये जाहिरात मानक परिषदेनंही केले आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानंही. नोट म्हणजे जाहिरात नव्हे असा वाद कोणी घालेल, पण तीच वाक्यं उद्या ब्रँडच्या वेबसाइटवर आणि इन्स्टाग्रामवर जाणार आहेत.

हे प्रश्न तुम्हाला सुचायला हवेत. शेतात सीतादहीची पूजा करून मग पहिल्या वेचणीला लागणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील, कापूस वजनावर कसा मोजतात ते पाहिलं असेल. ज्यांनी कापूस फक्त कुर्त्यात पाहिलाय, त्यांना विचारायचं काय इथूनच सुरुवात करावी लागते.

समजा, विचारल्यावर अशी माहिती मिळाली (आकडे मी नमुन्यादाखल घेतो): बारा प्रकारचे कुर्ते, हातमागाचं सुती कापड, नीळ आणि डाळिंबाची साल यांचे रंग, किंमत १,४५० ते २,६०० रुपये, मापं ३४ ते ५० इंच छाती, विक्री १० ऑक्टोबरपासून. मग सुरुवात अशी होईल:

"पुणे, ५ ऑक्टोबर : हातमागाच्या सुती कापडाचे, निळीनं आणि डाळिंबाच्या सालीनं रंगवलेले बारा प्रकारचे कुर्ते अमुक ब्रँड दिवाळीसाठी १० ऑक्टोबरपासून विक्रीला आणत आहे. किंमत १,४५० ते २,६०० रुपये असून ३४ ते ५० इंच छातीची मापं मिळतील."

यात एकही सजावटीचा शब्द नाही, तरी कुर्ता डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्या परिच्छेदात रंगाची गोष्ट घ्या: डाळिंबाच्या सालीचा पिवळा, त्यावर नीळ चढवली की हिरवा. पुरवणीच्या संपादकाला असली गोष्ट आवडते, कारण तिच्याभोवती फोटो लावता येतात. ५० इंचांचं माप मिळतं हीसुद्धा बातमीच आहे. मोठ्या मापांसाठी वणवण करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि पुरवणी त्याच वाचतात.

मालकाचं अवतरण हा नोटेतला सगळ्यात मेलेला भाग असतो. 'हे कलेक्शन सादर करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे' हे वाक्य मी इतक्यांदा खोडलंय की आता पेन आपोआप तिकडे जातं. दुकान उघडणाऱ्याला आनंद होणारच! मालकाला फोन करा आणि काहीतरी वाकडं विचारा. मी विचारतो, "या बारांतला कोणता खपणार नाही असं तुम्हाला वाटतं?" आधी हसतात, मग खरं बोलतात. एका मालकिणीनं सांगितलं होतं, "मोहरीच्या रंगाचा. पण तो मला स्वतःला घालायचाय म्हणून ठेवलाय." तेच छापून आलं. बोललेलं लिहून काढा, त्यांना वाचून दाखवा, होकार घ्या. आपल्या मनानं वाक्य रचून त्यांच्या तोंडी घालू नका, धंद्यात बरेच जण तसं करत असले तरी.

बाकीची तांत्रिक बाजू दोन दिवसांत अंगवळणी पडते. साडेतीनशे शब्दांच्या आत, एक पान. मजकूर मेलमध्येच, युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये पाठवलात तर समोर नुसत्या कावळ्या-चिमण्या उमटतात, आणि पीडीएफमधून मराठी उचललं की काने-मात्रे गळतात. फोटो मोठ्या आकाराचे, शक्यतो लिंकवर, प्रत्येकाखाली ओळ: कोणता कुर्ता, काय किंमत, फोटो कोणाचा. शेवटी ब्रँडची तीन ओळींत ओळख आणि जो खरंच फोन उचलतो अशा माणसाचा नंबर. पुरवणीला निदान आठवडाभर आधी. दिवाळी अंकात नाव हवं असेल तर ऑगस्टपासूनच मागे लागावं लागतं.

एकच नोट सगळीकडे पाठवू नका. अमेरिकेत एलिनॉर लॅम्बर्ट नावाच्या प्रसिद्धी सल्लागार बाईंनी १९४३ मध्ये न्यूयॉर्कला 'प्रेस वीक' सुरू केला. महायुद्धामुळे पॅरिसची वाट बंद होती, तेव्हा अमेरिकेतल्याच फॅशन डिझायनरांकडे लक्ष वेधायची संधी त्यांनी साधली, आणि त्यासाठी देशभरातल्या पेपरांतल्या पत्रकारांना बोलावलं. बाई स्वतः इंडियाना राज्यातल्या क्रॉफर्ड्सविल नावाच्या लहान गावच्या. बाहेरगावच्या पेपरचं मोल त्यांना कळत होतं असं मी आपलं समजतो. तुमच्या बाबतीत पुण्याच्या पुरवणीला रंग आणि मापं पाठवा. यवतमाळच्या आवृत्तीला त्याचं काही नाही. तिथे बातमी तेव्हाच होते, जेव्हा कापड, काज-बटण किंवा शिलाई यांतलं काहीतरी जिल्ह्यात झालेलं असतं. तसं काही नसेल तर यवतमाळला पाठवूच नका, वार्ताहराचा वेळ वाचेल आणि पुढच्या वेळी तो तुमचा मेल उघडेल.

एक गोष्ट कोणी सांगणार नाही म्हणून सांगतो. काही ठिकाणी बातमीच्या बदल्यात जाहिरात मागतील. तालुक्याच्या वार्ताहराला जाहिरातींचं टार्गेट असतं, मलाही होतं. रागावू नका, वादही घालू नका. "ते ब्रँड ठरवेल, मी फक्त माहिती देते" एवढंच म्हणा आणि विषय ब्रँडकडे सोपवा. इंटर्ननं पैशाच्या बोलण्यात पडू नये.

इंग्रजीची काळजीही तुम्ही लिहिली आहे. आधी मराठीत पक्की नोट करा, मग त्याच माहितीवर इंग्रजी वेगळी लिहा, साध्या लहान वाक्यांत. भाषांतर मात्र करू नका, दोन्हीकडून फसतं.

सराव आठवडी बाजारात करा. कापडाचं दुकान लावणाऱ्या एखाद्या काकांकडे बसा, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. एकच कापड निवडा, ते कुठून आणलं, धुतल्यावर किती आटतं, कोण नेतं, भाव काय, सगळं विचारा. दीडशे शब्दांची नोट लिहून पुढच्या बाजारी त्यांना वाचून दाखवा. जिथे ते "असं नाही पोरी" म्हणतील, तिथे खूण करा. अशा तीन-चार झाल्या की तुमच्या कुर्त्यांचा नवा मसुदा इथेच टाका, मी वाचून कळवतो. तोवर ब्रँडकडून कापडाचा तुकडा मागवून ठेवा.