डॉल्बीची धडकी, भांड्यावरची गुरगुर

वाचकांचे प्रश्न : कुत्र्यांचं शिक्षण आणि मन

प्रश्न : आमचं घर सांगलीत गणपती पेठेजवळ आहे. तीन वर्षांची देशी कुत्री आहे. मिरवणुकीचा डॉल्बी लागला की ती बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसते, थरथरते, लाळ गाळते, पाण्यालाही तोंड लावत नाही. घरातले म्हणतात, कुरवाळू नका, लाड केले की भीती वाढते. खरं काय? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : खुशाल कुरवाळा. भीती ही काही खोडी नव्हे, की लाड केले म्हणून ती पुन्हा करावीशी वाटेल. वीज कडाडली म्हणून आजीच्या कुशीत शिरलेलं पोर पुढच्या विजेला जास्त घाबरत नाही, कुत्रीचंही तसंच आहे. फक्त ती आपणहून जवळ आली तर. बादलीमागून ओढून मांडीवर घेऊ नका.

बाथरूम तिनं विचार करूनच निवडलंय. आतली जागा, लहान खिडकी, तीन बाजूंनी भिंत. मग तीच जागा नीट करा. बादल्या बाहेर काढा आणि खाली गोधडीच्या तीन-चार घड्या घाला, कारण डॉल्बीचा ठोका कानाइतकाच फरशीतून अंगात शिरतो. खिडकीवर जाड ब्लँकेट लावा, पंखा किंवा कूलर मोठा ठेवा, दार उघडं असू द्या. आत-बाहेर करायची मोकळीक हवीच. फिरवून आणायचं ते दुपारी, मिरवणूक निघण्याच्या बरंच आधी. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहा. बिथरलेलं कुत्रं दार किलकिलं दिसलं की सुसाट सुटतं आणि मग त्याला घर सापडत नाही.

हे झालं त्या दिवसापुरतं. भीती कमी करायची तर आषाढातच सुरुवात करा, भाद्रपद तोंडावर आल्यावर नाही. डॉल्बीचं रेकॉर्डिंग मिळवा. मोबाईलच्या स्पीकरवर बेस येत नाही, आणि तिची भीती त्या बेसचीच आहे, म्हणून घरातला मोठा स्पीकर वापरा. आवाज इतका बारीक ठेवा, की तिचा कान फक्त हलेल आणि ती खाणं सोडणार नाही. आवाज सुरू झाला की एक-दोन सेकंदांत उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्या, मग दुसरा, मग तिसरा. आवाज बंद, चिकन बंद. असं आठ-दहा वेळा, सगळं मिळून पाच मिनिटं, दिवसातून एकदा. आवाज लागताच ती कान पाडण्याऐवजी तुमच्या हाताकडे बघू लागली, की आवाज अगदी थोडा वाढवा.

बहुतेकांचं फसतं ते क्रमात. आधी चिकन आणि मग आवाज असं झालं, तर चिकन हीच धोक्याची घंटा होते. मग पिशवीची चाहूल लागली तरी कुत्री पळते. दुसरी चूक घाईची. एका दिवसात आवाज दुप्पट केला, ती पळाली, आणि तीन आठवड्यांची कमाई गेली. तसं झालंच तर आवाज ती निवांत होती त्याच्याही खाली आणा आणि तिथून पुन्हा चढा. खऱ्या मिरवणुकीच्या रात्री सराव करायचा नाही. ती खात असेल तर प्रत्येक मोठ्या दणक्यापाठोपाठ तुकडा टाका. खात नसेल तर भीती फार वर गेली आहे, तिथं खाऊ काम करत नाही.

तुमची कुत्री पाण्यालाही तोंड लावत नाही, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना यंदाच भेटा. भीती कमी करणारी औषधं आहेत. ती सणाआधी शांत दिवशी एकदा देऊन बघावी लागतात, कारण एखाद्या कुत्र्यावर उलटा परिणाम होतो. नुसतं गुंगीचं औषध मात्र मागू नका. एसिप्रोमाझिन एकटंच दिलं तर अंग ढिलं पडतं, पण आतली भीती तशीच राहते. घाबरलेल्या जिवाला पळताही येऊ नये, याच्याइतकी वाईट गोष्ट नाही.

प्रश्न : तासगावजवळ आमचा बेदाणा शेड आहे. बक्षीस म्हणून कुत्र्याला बेदाणे चालतात का? घरचेच आहेत. (एक बागायतदार)

उत्तर : नाही. एकही नको. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादं कुत्रं मूठभर खाऊनही वाचतं, एखादं थोडक्यानं दगावतं, त्यामुळे सुरक्षित प्रमाण असं सांगताच येत नाही. सुकवल्यावर सगळं दाट होतं, म्हणून बेदाणा द्राक्षापेक्षा घातक. शेडमध्ये खाली सांडलेला माल रोज झाडून घ्या आणि रॅकखाली कुत्र्याला फिरकू देऊ नका. खाल्लेले दिसले तर उलटीची वाट बघत बसू नका, पहिल्या तासा-दोन तासांत डॉक्टर गाठा. घरी मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका, त्या मिठाचीच विषबाधा होते. बक्षिसाला फुटाणे, उकडलेलं अंडं, गाजराचे तुकडे आहेत की.

प्रश्न : सात महिन्यांचा लॅब्रॅडॉर आहे. जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरतो. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. सासरे म्हणतात, भांडं काढून घ्या, दोन ठेवून द्या, मालक कोण ते कळलं पाहिजे. (एक वाचिका, सातारा)

उत्तर : सासऱ्यांना आदरानं सांगा, की गुरगुरणं ही त्याची सूचना आहे आणि तेवढीच आपल्या हाती आहे. ती मारून बंद केली तर भीती जात नाही, फक्त सूचना जाते. पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. भांडं हिसकावलं की त्याचा संशय खरा ठरतो : माणूस आला की जेवण जातं.

मालकीची ही कल्पना आली लांडग्यांवरून. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं. त्यातून ‘दाबेल तोच म्होरक्या’ ही समजूत पसरली. पण इकडून तिकडून आणून एकत्र कोंडलेले लांडगे भांडणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. आणि कुत्रा तर लांडगाही नव्हे.

आजपासून त्याला वेगळ्या खोलीत, दार लावून जेवू द्या. मुलीनं त्या वेळी तिकडे जायचंच नाही, ‘हळूच जा’ असंही नाही. सराव मोठ्यानंच करायचा. तो कोरडं खाणं खात असताना सात-आठ फुटांवर उभं राहा, पनीरचा तुकडा भांड्याजवळ टाका आणि पाठ फिरवून निघून जा. निघून जाणं फार महत्त्वाचं आहे, तिथं घुटमळू नका. एका जेवणात पाच-सहा वेळा पुरे. तुम्ही येताना तो मान वर करून शेपूट सैल हलवू लागला, तर दुसऱ्या दिवशी अर्धा फूट पुढे.

अंतर चुकलंय हे गुरगुरण्याच्या आधी कळतं. खाण्याचा वेग एकदम वाढतो, तोंड भांड्यात आणखी खाली जातं, अंग ताठ होतं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं. यातलं काहीही दिसलं तर दोन फूट मागे. भांडं उचलायचं ते अगदी शेवटी, काही आठवड्यांनी, आणि उचललं की वर चिकन घालून लगेच परत ठेवायचं. सात महिन्यांचं पिल्लू एकाच जेवणावर असेल तर तेही बदला, दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागा. दात लागले असतील तर हे घरी करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि माणसाला दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना. कुत्र्याला लस दिली आहे म्हणून थांबायचं नाही.

प्रश्न : जत तालुक्यात वस्तीवर राहतो. अकरा महिन्यांचा कारवानी जातीचा शिकारी कुत्रा आहे. सोडला की सशामागं जातो, हाक मारली तरी येत नाही. आला की दोन फटके देऊन बांधतो, तरी सुधारत नाही. (एक वाचक)

उत्तर : तो हाकेला येत नाही, कारण त्याला हाकेचा अर्थ नीट समजलाय. ‘ये’ म्हणजे फटका आणि साखळी. तो शब्द आता सोडून द्या. पीटीची शिट्टी आणा.

चार दिवस घरात : शिट्टी, लगेच मटणाचा बारीक तुकडा, दिवसाला दहा वेळा. मग अंगणात, मग रानात. रानात तीस-चाळीस फुटांची दोरी लावा, दोन कासरे जोडले तरी चालतील. पण दोरी छातीच्या हार्नेसला बांधा, गळ्यातल्या पट्ट्याला नव्हे. या जातीची मान बारीक आणि धाव जबर, झटका थेट मानेवर बसतो. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं जातील. शिट्टी एकदाच. आला, की पाच-सहा तुकडे एकामागून एक द्या, पट्टा हलकेच धरा, आणखी एक द्या, आणि सोडा. दहातल्या नऊ वेळा परत सोडायचं. येणं म्हणजे बांधलं जाणं नाही, हे त्याला पटायला हवं.

हलणाऱ्या वस्तूमागं धावणं कारवानीच्या रक्तात आहे. ससा उठल्यावर शिट्टी वाजवू नका, ती वाया जाते. कान टवकारले, एक पाय उचलून तो स्तब्ध झाला, तो क्षण तुमचा. ससा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, त्यामुळे दोरी सुटायला वेळ लागला तरी लागू द्या. धावण्याची भूक काठीला दोरी आणि टोकाला चिंधी बांधून भागवा : रोज तीन-चार मिनिटं, चिंधी जमिनीलगत. उड्या मारायला लावू नका, सांधे अजून भरतायत. चिंधी त्याला पकडू द्या आणि मटणाच्या बदल्यात सोडवून घ्या.

आखूड साखळीला दिवसभर बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही. बांधायचाच असेल तेव्हा सावलीत, लांब दोरीनं, पाणी तोंडाशी ठेवून बांधा. आणि दिवसातून दोनदा दोरीवरच का होईना, त्याला बांधावरून फिरवून, मनसोक्त हुंगू देऊन आणा.