मिरीचा वास एकालाच का आला?

प्रश्न : मुलीकडे इटलीला गेलो असताना फ्रिउली भागातील एका खाणावळीत आम्हांला ‘स्किओपेत्तीनो’ नावाची तांबडी वाइन दिली. पेला नाकाशी नेताच पत्नी म्हणाली, “अहो, यात मिरपूड घातली आहे.” मला मात्र मिरीचा मागमूसही लागला नाही. जावयांच्या मते द्राक्षच तसे आहे. हे द्राक्ष कोणते आणि आम्हां दोघांत चूक कोणाची? – एक वाचक, नाशिक

उत्तर : चूक कोणाचीच नाही, जावयांचे म्हणणे मात्र अगदी बरोबर आहे.

स्किओपेत्तीनो हा ईशान्य इटलीत, स्लोव्हेनियाच्या सीमेवर वाहणाऱ्या युद्रिओ नदीकाठच्या प्रेपोत्तो गावचा जुना वाण. फुटण्याचा वा तडतडण्याचा आवाज सुचवणारे हे नाव काही जण दाताखाली टचकन फुटणाऱ्या सालीमुळे पडले असे सांगतात, तर काही जण पूर्वीच्या वाइनमधल्या बुडबुड्यांकडे बोट दाखवतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्झेरा किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि पुन्हा लागवड करताना इथल्या शेतकऱ्यांनी मर्लोसारखे फ्रेंच वाण पसंत केले. पुढे सरकारी मंजूर वाणांच्या यादीतही स्किओपेत्तीनोचे नाव राहिले नाही, म्हणजे आपल्याच गावात तो लावणे बेकायदा ठरले! यादी करणाऱ्यांनी एकदा तरी प्रेपोत्तोला जायला हवे होते, असे राहून राहून वाटते. 1970 साली चाल्ला येथे बाग सुरू करणाऱ्या पाओलो व दीना रापुत्सी या दांपत्याने आसपास तग धरून राहिलेले जुने वेल हुडकले आणि कायद्याची पर्वा न करता त्यांच्या काड्यांपासून नवी लागवड केली. द्राक्षाच्या चोथ्यापासून ग्रापा हे मद्य बनवणाऱ्या नोनिनो कुटुंबाने स्थानिक वाण वाचवणाऱ्यांसाठी ‘रिझित दाउर’ म्हणजे ‘सोन्याचे कलम’ हा पुरस्कार सुरू केला होता; तो 1976 मध्ये रापुत्सींना मिळाला आणि त्यानंतर काही वर्षांतच लागवडीला परवानगीही मिळाली.

आता मिरीविषयी. तो वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा असतो आणि काळ्या मिरीतही तेच द्रव्य असते. वाइनमधल्या मिरीच्या वासाचे मूळ हेच, हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2008 मध्ये शिराझ या तांबड्या वाइनच्या द्राक्षाच्या अभ्यासातून दाखवून दिले. पुढे इटलीतल्या तपासणीत स्किओपेत्तीनोमध्येही ते भरपूर आढळले. ते द्राक्षाच्या सालीत असते आणि तांबडी वाइन सालीसकट आंबवली जात असल्यामुळे रसात उतरते. थंड हवेत, पानांच्या सावलीत पिकलेल्या घडांत त्याचे प्रमाण वाढते. तांबड्या वाइनमध्ये लिटरमागे सुमारे 16 नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे एक अब्ज भाग केले तर त्यांतले केवळ 16, एवढ्यावर ते नाकाला जाणवू लागते. परंतु त्याच संशोधनात वास घेणाऱ्यांपैकी सुमारे पाचांतल्या एकाला, पाण्यात लिटरमागे 4000 नॅनोग्रॅम मिसळूनही, काहीच जाणवले नाही. तुम्ही बहुधा त्या पाचव्यांत मोडता.

घरच्या मिरीच्या डब्यावरून याची परीक्षा करू नये. कुटलेल्या मिरीचा वास तुम्हांला नक्कीच येत असेल, कारण तिच्यात इतरही सुगंधी द्रव्ये असतात. शिराझ तुमच्या नाशिकच्या बागांतही आहे. तरी या परीक्षेसाठी फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातली किंवा दुसऱ्या एखाद्या थंड प्रदेशातली शिराझ मिळाल्यास उत्तम. तीन पेल्यांत दुसरी कोणतीही तांबडी वाइन आणि एकात ही, असे मांडून कोणत्या पेल्यात काय आहे हे दोघांनाही न सांगण्याचे काम जावयांवर सोपवावे. पत्नीने मिरीचा पेला लगेच उचलला आणि तुम्हांला चारही सारखेच वाटले, तर त्या खाणावळीतल्या वादाचा निकाल लागला असे समजावे.