बालवाडीतल्या नव्या ताईस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं वेळापत्रक वाचलं. बुधवार-शनिवारचा शेवटचा अर्धा तास तू ‘कला’ म्हणून राखून ठेवला आहेस. तो काढून टाक. त्या वेळेला मुलं दमलेली, भुकेलेली असतात, आणि रंग धुवायलाही वेळ उरत नाही. पुढच्या आठवड्याचा विषय ‘भाज्या’ आहे ना? मग रंग, माती, गाणं सगळं त्यातच सकाळी येऊ दे.

आधी भेंडीचे ठसे. भेंडी देठाकडून चार बोटं लांब कापायची आणि कापलेली बाजू कागदावर टेकवून पाव तास सुकवायची. चिकट द्रव तसाच राहिला तर रंग घसरतो आणि फुलाऐवजी नुसता डाग उमटतो. रंग वाटीत देऊ नकोस. मुलं भेंडी बुडवतात, कप्पे रंगाने भरतात आणि नक्षी बुजते. ताटलीत जुन्या सुती कापडाची चौपदरी घडी ठेव आणि तिच्यावर रंग पसर. रंग घरीच कर: अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालव, दीड वाटी उकळत्या पाण्यात ओत, मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळ, चमचाभर मीठ घाल. निवल्यावर दह्याइतकं दाट हवं. मग त्यात पोस्टर कलर मिसळ. हळद किंवा खाण्याचा रंग नको; कपड्यांवरून जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी आया तुला विचारायला येतील.

कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेव, ठसा नीट उठतो. मुलं पहिल्यांदा भेंडी दाबत नाहीत, घासतात. हात धरून शिकवण्यापेक्षा ‘टेकव, उचल, टेकव, उचल’ असं तालात म्हणत राहा, हात आपोआप वळतो. पाच वर्षांचं मूल भेंडी-बोट-भेंडी-बोट अशी ओळ करू लागलं की तिथेच गणित सुरू झालं. फुलाचे कप्पे मोजायला लाव, बहुधा पाच निघतील. तीन वर्षांच्यांना मात्र ओळ मागू नकोस. त्यांना कागदभर ठसे उठवू दे.

एका वेळी पाच-सहाच मुलं रंगाकडे बसव, बाकीची माती आणि ठोकळ्यांकडे. मदतनीस नसेल तर सगळ्यांना एकदम रंग देण्याच्या फंदात पडू नकोस.

टाळ्यांचा खेळ तुला सोपा वाटेल, पण यात मेख आहे. भाजीच्या नावाच्या तुकड्यागणिक टाळी वाजवायची: कां-दा, भें-डी, ब-टा-टा. गाजरला तू तीन टाळ्या वाजवशील, कारण तुला तीन अक्षरं दिसतात. मूल दोनच वाजवेल, गा-जर. काकडीलाही दोनच, काक-डी. ते चुकत नाही. त्याला अजून लिपी माहीत नाही, ते कानाने ऐकतं, आणि बोलण्यात गाजरच्या ‘र’मधला आणि काकडीच्या दुसऱ्या ‘क’मधला अ गळतोच. त्याला सुधारलंस तर ज्या कानावर पुढचं वाचन उभं राहायचं तोच तू बिघडवशील. म्हणून आरंभी मुळा, कांदा, भेंडी, बटाटा, टोमॅटो एवढीच नावं घे.

गाणं तुझ्या आवाजाला सोयीचं वाटतं त्यापेक्षा थोडं वरच्या पट्टीत सुरू कर. मोठी माणसं खाली गातात; मुलांना तिथे सूर सापडत नाही, मग ती गायची सोडून शब्द ओरडतात. सगळा वर्ग ओरडतोय असं वाटलं की आधी पट्टी तपास, मुलांना गप्प करू नकोस.

मातीसाठी शाडू किंवा गाळलेला पोयटा चालेल. प्रत्येकाला पेरूएवढा गोळा दे. सुपारीएवढ्या गोळ्यात बोटं फिरतात, पण तळव्याला काम मिळत नाही. करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून पाहा: तडे गेले तर पाणी कमी, चिकटली तर जास्त. उरलेला गोळा ओल्या फडक्यात बांधून झाकणाच्या डब्यात ठेव.

फळ्यावर नमुन्याचं वांगं काढू नकोस. काढलंस की वीस वांगी एकसारखी येतील, आणि ज्याचं तसं जमणार नाही तो ‘तूच काढून दे’ म्हणेल. खरं वांगं समोर ठेव, कापून दाखव, बिया बघू दे. ‘हे काय काढलंस?’ असं विचारण्यापेक्षा ‘इथे रेघ गोल गोल फिरली’ एवढंच म्हण. मग मूल जे सांगेल ते त्याच्याच बोलीत, शुद्ध न करता, कागदाच्या मागे तारखेसह लिही आणि त्याला वाचून दाखव. आपलं बोलणं कागदावर उतरतं हे मुलाला असंच कळतं.

साहित्याची यादी लांबवू नकोस. डहाणूजवळच्या बोर्डी गावी १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या लहान मुलांसाठी ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, पुढे ते जवळच्याच कोसबाडला नेलं. तिथे खडे, शिंपले, पानं, बिया यांचीच साधनं झाली. तुझ्याकडे छोटे तुटके जाड खडू असतील तर उलट बरं, ते मुठीत नीट धरता येत नाहीत, बोटांनीच धरावे लागतात.

स्नेहसंमेलनाच्या नाचाबद्दल पालक विचारतील. महिनाभर रांगेत उभं करून तालीम घेण्याऐवजी भाजीबाजारच मांड. विकणारे, घेणारे, तागडी, खोटे पैसे, संवाद मुलांचेच.

सोमवारी भेंड्या आणताना जून आणि जाड बघून घे. कोवळ्या दाबल्या की चेपतात.