डिफरन्शियलला अर्धा लिटर ऑईल जादा टाकलं तर काय होतं?

तुम्ही लिहिलंय की पिकअप रोज घाट चढते-उतरते म्हणून मेकॅनिकने एका बाजूला जॅक लावून मागच्या डिफरन्शियलमध्ये (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) अर्धा लिटर ऑईल जादा बसवलं आणि म्हणाला, तेलच आहे, जास्त झालं तर काय बिघडतं. बिघडतं हो दादा. हाच उद्योग मी स्वतःच्या हाताने केलाय म्हणून सांगतो.

माझी गाडी तेव्हा नाशिकहून वाशीला भाजी न्यायची, रात्री निघायचं आणि उजाडायच्या आत माल उतरवायचा. एकदा मागून हुंऽऽ असा आवाज यायला लागला, साठच्या पुढे गाडी गेली की चालू आणि ॲक्सिलरेटर सोडला की बंद. मला वाटलं ऑईल कमी असणार. ऑईल भरायचा प्लग खोलून बघितला तर लेव्हल बरोबर होती, पण डोक्यात बसलं होतं ना, मग उजवं चाक जॅकवर घेतलं, ऑईल सगळं ॲक्सलच्या डावीकडच्या नळीत उतरलं आणि वरून पाऊण लिटर आणखी मावलं. आवाज आठवडाभर कमी झाला, खरंच झाला, माणूस तिथेच फसतो. मग एका रात्री रिकामी गाडी घेऊन येताना ब्रेक दाबला की डावीकडे ओढायला लागली. घरी येऊन उजव्या मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम काढला तर आत लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) काळेभोर, हाताने दाबले की ऑईल सुटत होतं. ॲक्सलचं सील (ऑईल अडवणारी रबरी रिंग) ओलांडून सगळं ब्रेकमध्ये उतरलेलं. हेच कसारा घाटात भरल्या गाडीला झालं असतं तर... जाऊ द्या. आवाज पिनियनच्या (शाफ्टने फिरणारा छोटा गिअर) बेअरिंगचा होता, ते शेवटी बदलावंच लागलं.

आता असं का होतं ते बघा. हौसिंगमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या बाहेरच्या कवचात, ऑईलचा पंप वगैरे काही नसतो, क्राऊनचा (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) खालचा भाग ऑईलमध्ये बुडलेला असतो आणि फिरताना तोच ऑईल उचलून पिनियनच्या बेअरिंगकडे फेकतो. लेव्हल कमी असेल तर फेकायला काही उरत नाही आणि घाट चढताना गाडीचं नाक वर झालं की ऑईल मागे सरकतं, पुढचं पिनियन बेअरिंग सगळ्यात आधी कोरडं पडतं. जास्त असेल तर क्राऊन ताक घुसळल्यासारखा सगळं ऑईल घुसळत बसतो, फेस होतो, फेसात हवा असते आणि हवा काय दातांना वंगण देणार? वर घुसळल्यामुळे ऑईल तापतं. तापलं की फुगतं, २ लिटर ऑईल ६० डिग्रीने तापलं तर साधारण ८० मिली वाढतं, वरची हवा त्याहून जास्त पसरते आणि त्या सगळ्याला बाहेर पडायला वाट एकच, हौसिंगच्या डोक्यावरचा ब्रीदर.

हा ब्रीदर म्हणजे बऱ्याच गाड्यांवर बोटाच्या टोकाएवढी टोपी असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. शेतातला चिखल वाळून बसला की ती जाम होते, मग लेव्हल बरोबर असली तरी आतला दाब सीलमधूनच ऑईल ढकलतो. लोक सील बदलतात, महिन्याने पुन्हा गळतं, पुन्हा बदलतात. टोपी बोटाने सैल फिरली पाहिजे, नसेल फिरत तर काढून डिझेलमध्ये धुवा. पावसाळ्यात याचा उलटा प्रकारही होतो, गरम हौसिंग घेऊन तुम्ही फरशीवरच्या (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरच्या) पाण्यात गाडी घातली की आतली हवा गार होऊन आकसते आणि ब्रीदरमधून नाहीतर सीलमधून पाणी आत ओढून घेते. नंतर प्लग उघडल्यावर ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर लेव्हल बघत बसू नका, सगळं काढून नवीन भरा.

लेव्हल बघायची पद्धत सोपी आहे. गाडी सपाटीवर, चारही चाकं जमिनीवर, जॅक अजिबात नाही. चालवून आल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा म्हणजे दातांना चिकटलेलं ऑईल खाली येईल. मग वरचा भरायचा प्लग सोडवा, ऑईल बदलायचं असलं तरी आधी हाच, खालचा ड्रेन प्लग नंतर, कारण वरचा गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून सगळं ऑईल सोडून दिलं असेल तर गाडी तिथेच उभी. करंगळी आत घालून वाकवा, ऑईल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं पाहिजे. बहुतेक गाड्यांना हीच लेव्हल, एखाद्या मॉडेलला काठाच्या थोडं खाली दिलेली असते, ते गाडीच्या पुस्तकात सापडतं. (हाताचा वास दोन दिवस जात नाही, ऑईलमधल्या गंधकाचा असतो तो, भाकरी खाताना आठवण येते.) प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी मलमासारखं काही बसलेलं चालतं, पण नखाला टोचणारा तुकडा मिळाला तर हौसिंग उघडायचं.

अजून एक, पुढच्या गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलचंच ऑईल ओतू नका, दोन्हीकडे ९० नंबर चालतं असं गॅरेजवाले सर्रास सांगतात. नंबर म्हणजे फक्त जाडी. डिफरन्शियलमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसवलेला असतो, दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तिथे जीएल-५ (गिअर ऑईलचा दर्जा) लागतं. त्यातलं जास्तीचं रसायन गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्या) मानवतंच असं नाही, म्हणून पुष्कळ गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलेलं असतं. आणि ९० नंबर म्हणजे इंजिनच्या ४० नंबरच्या दुप्पट जाड असंही नाही, दोन्हीच्या मोजपट्ट्या वेगळ्या, गरम झाल्यावर ९० नंबर साधारण इंजिनच्या ४०-५० एवढंच असतं.

लेव्हल खाली गेलेली दिसली तर नुसतं भरून मोकळं होऊ नका, गेलं कुठे ते शोधा, हौसिंग काही इंजिनासारखं ऑईल जाळत नाही. पिनियनच्या तोंडाशी ओल, चाकाच्या आतून ओल नाहीतर ड्रेन प्लगचा वॉशर. जुन्या फोर व्हील जीपवाल्यांना आणखी एक गंमत माहीत असते, गिअरबॉक्समधलं ऑईल कमी होत जातं आणि बाहेर एक थेंब दिसत नाही, कारण मधलं सील गेल्यामुळे ऑईल शेजारच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) जमा होत असतं.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर आजच सपाटीवर उभी करा, खाली डबा ठेवून लेव्हलचा, म्हणजे वरचा भरायचा प्लग उघडा आणि जेवढं येतंय तेवढं येऊ द्या, धार तुटून थेंब पडायला लागले की प्लग बंद. मग मागच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला बोट फिरवून बघा. ओलसर लागलं आणि तोच वास आला तर ड्रम काढा, सील टाका आणि लायनर दोन्ही बाजूचे बदला. तिथे कोणीतरी म्हणेल पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू, ऐकू नका, ऑईल प्यायलेला लायनर तापला की पुन्हा ऑईल सोडतो. आणि ते होईपर्यंत घाटात नेऊ नका.