ट्रेल रायडिंग नव्याने शिकायचंय. जुनी एक्सपल्स, हिमालयन की केएलएक्स? आणि घेताना काय काय बघू?

तुम्ही लिहिलंय की उंची ५ फूट ५ इंच, आजवर फक्त डांबरी रस्त्यावर १५० सीसी चालवलीय, बजेट सव्वा लाख. समोर तीन गाड्या आहेत: हीरो एक्सपल्स २००, हिमालयन ४११ आणि ओळखीतल्या एकाकडची पासिंग नसलेली कावासाकी केएलएक्स १४०. माझं सरळ उत्तर एक्सपल्स, तेही स्टॉक, म्हणजे कंपनीतून येते त्याच उंचीची.

कारण वजन. ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटेवर, सुरुवातीला गाडी पडतेच, आणि पडलेली गाडी ओल्या मुरमाच्या चढावर तुम्हालाच उचलायची असते. एक्सपल्स साधारण १५५ ते १६० किलोची आहे, हिमालयन ४११ जवळपास २०० किलोची. शोरूममध्ये हा फरक जाणवत नाही. सकाळभरात चार-पाच वेळा गाडी उचलली की हात थरथरायला लागतात, क्लचवरचा ताबा सुटतो आणि पुढची पडझड थकव्यामुळे होते. हिमालयन सामान लादून स्पितीला जायला फार छान गाडी आहे, पण शिकायला ती घेऊ नका.

केएलएक्स १४० शिकायला तिघींत सर्वात चांगली, हे मान्य. पण तिला आरसी नाही, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर चाक टेकवता येत नाही. दर वेळी पिकअपमध्ये टाकून कुणाच्या तरी खासगी जागेत न्यावी लागेल. घरचं पडीक रान आणि टेम्पो असेल तरच तिचा विचार करा. आपल्याकडे शिकायला मिळतात ते गावांना जोडणारे मुरमाचे आणि कच्चे रस्ते, आणि तिथवर पोचायला पासिंगची गाडीच लागते. (कासचं पठार, सडे, गडांच्या वाटा आणि राखीव जंगल यांत गाडी घालायची नाही, हे आत्ताच पक्कं करून टाका. सड्यावर चाकाखाली गेलेली पातळ माती परत तयार व्हायला पिढ्या जातात.)

एक्सपल्समध्येही निवड आहे. २०१९ ला आली ती दोन व्हॉल्व्हची, २०२१ च्या शेवटी फोर-व्ही, म्हणजे चार व्हॉल्व्हची आली. नवशिक्याला दोन्ही पुरतात, त्या जास्तीच्या ताकदीसाठी वर पैसे मोजू नका. सीटची उंची साधारण ८२५ मिलिमीटर आहे, तुमचे दोन्ही चवडे टेकतील. मात्र बाजारात रॅली किट (गाडी उंच करणारं सस्पेन्शन) लावलेल्या गाड्या आणि फोर-व्ही प्रो दिसतील. प्रोची सीट ८९१ मिलिमीटरवर आहे. दिसायला जबरदस्त, पण उतारावर पाय टेकवायला गेलात आणि जमीनच लागली नाही, तर गाडीसकट खाली. त्या आत्ता नकोत. २०११ ची हीरो इम्पल्स अजून कुठेतरी मिळते, १३४ किलोची गुणी गाडी आहे, पण पार्टसाठी वणवण होते.

आता बघायचं काय. विकणारा पहिलं वाक्य बोलेल, ‘रनिंग कमी आहे.’ त्यावर फार जाऊ नका. हायवेवर तीस हजार चाललेली गाडी मी घेईन, आठ हजार चालून दर पावसाळ्यात ओढ्यातून गेलेली घेताना दहादा विचार करीन. सकाळी लवकर जा आणि सेल्फ मारायच्या आधी इंजिनला हात लावा. गरम असेल तर त्याने आधीच चालू करून ठेवलंय, का ते विचारा. ऑइल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, तिथूनच परत फिरा.

मग एअर फिल्टर बाहेर काढायला लावा. फिल्टर नवा असला तरी त्यात समाधान मानू नका. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत बोट घालून फिरवा. बोटाला बारीक कचकच लागली तर ती धूळ सिलिंडरपर्यंत पोचलेली आहे, आणि इंजिनकामाचा खर्च तुमच्या माथी येणार.

पुढच्या बाजूला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण दगडांचा मार तिथेच बसतो. सोबत एक जण न्या, त्याला साइड स्टँडवर गाडी कलवून पुढचं चाक जमिनीवरून सुटेल इतकी धरायला सांगा. एका बोटाने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. तो बदलता येतो, त्याचे पैसे कमी करून घ्या. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) चकचकीत नळीवरून नख फिरवा. ऑइल सील गळत असेल तर काम छोटं आहे, पण नळीलाच गंजाचे खड्डे असतील तर नवी सीलही टिकणार नाही. चाक फिरवून रिम आउट, म्हणजे वाकडी, आहे का बघा, आणि छोट्या पान्याने एकेक स्पोक वाजवा, ढिला स्पोक बद्द वाजतो. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढा, अर्धा दात उघडा पडला तर सगळा सेट बदलायला आलाय.

इंजिनाखालच्या बॅश प्लेटवरचे ओरखडे, वाकलेला लिव्हर, घासलेला हँडगार्ड यांनी घाबरू नका. हँडलच्या मुळाशी चेसिसच्या वेल्डजवळ रंग तडकलेला दिसला, तर मात्र किंमत कितीही उतरवली तरी नको.

आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्याशी स्वतः जुळवा. थकलेली ई-चलनं तपासा. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवाच, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करायचा असतो, हे बरेच जण विसरतात.

सव्वा लाखातले वीस-पंचवीस हजार गाडीवर घालूच नका. हेल्मेट, घोटा झाकणारे बूट, गुडघ्याचे गार्ड आणि ग्लोव्ह्ज आधी घ्या. त्यातून उरलेच तर एखादं प्रशिक्षण करा. वाळवंटातली खडतर डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष यांचं बिग रॉक डर्टपार्क कर्नाटकात कोलारजवळ आहे, तिथे पायऱ्यापायऱ्यांनी शिकवतात. क्रॅशगार्ड आणि जादा दिवे नंतर बघता येतील.

तुम्ही फोटो टाकलाय त्या २०२१ च्या एक्सपल्सला नवेकोरे टायर आहेत, पण मालक आरसी ‘नंतर कुरिअर करतो’ म्हणतोय. गाडी बघायला जरूर जा, पण मूळ आरसी आणि सह्या केलेले फॉर्म हातात पडल्याशिवाय टोकनही देऊ नका.